वाचून दाखवलेलं बी

बायकोच्या नोकरीमागे परदेशी निघालेला नवरा वडनेर भोलजी गावानं त्याआधी पाहिला नव्हता. नवऱ्यामागे बायका सुरतेला गेल्या होत्या, पुण्याला गेल्या होत्या, एक तर थेट मस्कतला जाऊन परत आली होती. पण गोकुळसारखा धडधाकट, हमरस्त्यावर बी-खतांचं चालतं कृषी केंद्र असलेला माणूस बायकोचा 'अवलंबित' म्हणून जपानला जाणार आणि हे स्वतःच हसत हसत सांगणार, ही गोष्ट गावाच्या घशाखाली उतरायला जड होती. गोकुळनं ती विनोदाच्या घोटाबरोबर उतरवली.

"मी आता हिचा पदर धरून चाललो," गल्ल्यावर बसून तो गिऱ्हाइकांना सांगे. "ही तिकडं पोट्ट्यायले एबीसीडी शिकवन, मी भाकरी थापीन. या कधी जेवाले."

लोक हसत. पुष्पांजलीही हसे. आठ वर्षांच्या संसारात नवऱ्याविषयी अभिमान वाटावा असे प्रसंग तिला हाताच्या बोटांवर मोजता आले असते. हा त्यांतला सर्वांत मोठा होता.

ती नांदुऱ्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत असे. त्याआधी तिनं पीएच.डी. केली होती. विषय होता इंग्रजी कादंबरीतला अविश्वसनीय निवेदक, म्हणजे जो गोष्ट सांगतो पण ज्याच्या सांगण्यावर वाचकानं विसंबू नये असा माणूस. तो कसा ओळखावा, त्याचा आवाज कुठे गरजेपेक्षा गोड होतो, कुठला तपशील तो सांगायचं टाळतो, यावर तिनं साडेतीनशे पानं लिहिली होती आणि विद्यापीठानं त्यांवर शिक्कामोर्तब केलं होतं. ही पदवी घेऊन ती गोकुळच्या घरी नांदायला आली. विद्वत्तेचा उपयोग घरात करायचा असतो, हे विद्यापीठात कुणी शिकवत नाही.

जपानची जाहिरात गोकुळनंच शोधली होती. २०१७ च्या फेब्रुवारीत एके दुपारी तो मोबाइल घेऊन तिच्यापुढे येऊन बसला. जपानातल्या सरकारी शाळांना इंग्रजीचे सहायक शिक्षक पुरवणारी एक कंपनी होती. जोडीदाराला सोबत नेता येत होतं.

"तू इथं सडून राह्यली," तो म्हणाला. "दहावीच्या पोट्ट्यायले पस्तीस मार्क पाडाले शिकवतं. याच्यासाठी शिकली काय तू येवढं?"

हे वाक्य कुणीतरी म्हणावं म्हणून ती आठ वर्षं थांबली होती. ते नवऱ्यानं म्हटलं तेव्हा तिला त्याचा आवाज गरजेपेक्षा गोड वाटला नाही.

त्यानंतरचे महिने तिच्या आयुष्यातले फार चांगले होते. नमुना पाठाचं चित्रीकरण गोकुळनं केलं. भिंतीमागची सरकीची पोती दिसू नयेत म्हणून त्यानं तिच्या लग्नातला शालू टांगला. मुलाखतीच्या दिवशी वीज जाईल म्हणून त्यानं दुकानातला इन्व्हर्टर घरी आणला आणि कोंबड्या ओरडू नयेत म्हणून शेजारच्या कोंबड्या वावरात हाकलल्या. दोघांनी मिळून जपानी शिकायला घेतलं. ती लिपीत अडकली. तो बोलण्यात पुढे गेला. दुकानातल्या माणसांपुढे कमरेत वाकून तो जपानी नमस्कार करी, आणि खताचं पोतं न्यायला आलेले हैदरभाई तितकंच खाली वाकून म्हणत, "बस कर बे, नाहीतर मले बी पासपोट काढा लागन."

आता एक रीत सांगायला हवी. तिच्यावाचून पुढचं काही कळणार नाही. गावात इंग्रजी कागद आला की तो मॅडमकडे जाई. औषधाच्या डबीतली घडी, विम्याचं पत्रक, मुंबईच्या इस्पितळाचा अहवाल, पंपाच्या खोक्यातली पुस्तिका असं काहीही. रविवारी सकाळी सासरे रामराव ओसरीवर चटई टाकून ठेवत आणि माणसं कागद घेऊन बसत. पुष्पांजली आधी इंग्रजी वाची, मग मराठीत सांगे. इंग्रजी आधी वाचायचा आग्रह लोकांचाच होता. त्यांना त्यातला शब्दही कळत नसे, पण ते ऐकल्यावाचून मराठीवर त्यांचा विश्वास बसत नसे. आणि एकदा मॅडमनं वाचलं की त्या गोष्टीवर पुढे चर्चा होत नसे. "मॅडमनं वाचून दाखवलं," एवढं म्हटलं की झालं. तिला हे आवडे. तिच्या प्रबंधाला मिळाले नव्हते इतके श्रोते तिला त्या चटईवर मिळत.

त्या मे महिन्यात लोकांनी बियाण्याची पाकिटं आणली. गोकुळच्याच दुकानातली. बाकीच्या पाकिटांवर मराठी असे. या नव्या, चकचकीत पाकिटावर फक्त इंग्रजी होतं. त्यामुळे त्याची किंमत गावाच्या नजरेत कमी होण्याऐवजी वाढलीच. वरच्या चित्रातली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या खांद्याएवढी होती. तिनं वाचलं: नव्या पिढीचं बीटी, बोंडअळीपासून पूर्ण हंगाम संरक्षण, अळीसाठी फवारणीची गरज नाही, अळीला गुंतवून ठेवायला कडेला साध्या कपाशीच्या ओळी लावण्याची गरज नाही.

"गरज नाही असं लिवलं हाय?" भाऊरावांनी विचारलं. त्यांची पाच एकरांची कोरडवाहू शेती होती.

"असंच लिहिलंय."

"मॅडम, एकडाव अजून वाचा."

तिनं पुन्हा वाचलं, अधिक सावकाश, शब्द सुटा करून, वर्गात वाचावं तसं. उच्चार निर्दोष होते. त्या रविवारी आणि पुढच्या दोन रविवारी तिनं ते किती वेळा वाचलं, हे तिला नंतर आठवेना. छापलेला मजकूर तिनं इमानानं वाचला. तो छापला कुणी, हे मात्र तिनं विचारलं नाही. तिचा सगळा संशय कादंबऱ्यांवर खर्च झाला होता. पाकिटासाठी उरला नव्हता.

ऑगस्टात निवड झाली. समुद्राकाठच्या तोत्तोरी प्रांतातली शाळा. रुखमाबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, गावभर पेढे वाटताना त्याचं 'तुतारी' केलं आणि ते तसंच राहिलं. कंपनीनं रुजू व्हायला दोन पर्याय दिले होते, जानेवारी किंवा एप्रिल. पुष्पांजलीला एप्रिल हवा होता. दहावीची मुलं परीक्षेच्या तोंडावर सोडून जाणं तिला जिवावर आलं. आठ वर्षांत प्रथमच गोकुळचा आवाज चढला.

"तुले पोट्टे पाह्यजे का जपान? एप्रिलपर्यंत त्यायनं दुसरा मानूस घेतला तं? जानेवारी म्हन."

तिनं जानेवारी म्हटलं. त्यातही तिला त्याची ओढ दिसली. राजीनामा दिला. मुलं रडली. मुख्याध्यापक रडले नाहीत. त्यांच्या भाच्याचं बी.एड. नुकतंच पुरं झालं होतं.

दिवाळीनंतर गावातल्या बायका तिची ओटी भरायला येऊ लागल्या. लेकीला सासरी पाठवावं तसं जपानला पाठवत होत्या. कुणी खण आणला, कुणी नारळ. अन्नपूर्णाबाईंनी तिकडे मिळणार नाही म्हणून शेवयांचा डबा दिला. पण दिवस सरत गेले तशा येणाऱ्या कमी झाल्या, आणि आल्या त्या बसेनाशा झाल्या. पुष्पांजलीनं त्याचा अर्थ कामाची घाई असा लावला. वेचणीचे दिवस होते. घरच्या वावरात कापूस चांगला फुटला होता. रामरावांनी पहिल्या वेचणीआधी पऱ्हाटीपुढे दहीभात ठेवून पूजा केली होती आणि तिनंच तो भात कालवला होता. आपल्या वावरावरून तिनं गावाच्या वावरांची कल्पना केली. नांदुऱ्याच्या बसमधून दोन्ही बाजूंना दिसणारी शेतं ती पूर्वी रोज पाहत असे, पण शाळा सोडल्यापासून ती बसमध्ये बसलीच नव्हती.

नोव्हेंबर संपता संपता एका दुपारी भाऊरावांची बायको तानाबाई आली. बसली नाही. "पदर पुढं करा, मॅडम," म्हणाली.

पुष्पांजलीनं हसून पदर पसरला. तानाबाईनं हळदकुंकू लावलं, अगदी रीतसर, आणि मग ओंजळीनं तिच्या पदरात बोंडं टाकली. एक ओंजळ, दुसरी, तिसरी. हिरवट काळी, न उमललेली, दगडासारखी घट्ट झालेली बोंडं. एक फुटलेलं होतं. आत कापसाऐवजी पिवळा चिकट लगदा आणि त्यात एक गुलाबी अळी, निवांत.

"तानाबाई, हे काय?"

"तुम्ही वाचेल बी हाय. तेच उगोलं. ओटीत घ्या, तिकडं जपानात दाखवा."

"पण अळी येणार नाही असं—"

"असं लिवलं होतं. हाव. तुमीच वाचलं, दोनदा. आमच्या यायनं फवारा काढलाच नाही घराबाहेर. मॅडमनं सांगतलं म्हनून. आता पाच एकरात वेचाले बाई लावली तं तिची मजुरी निघत नाही." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मी भांडाले नाही आली. एकच इचारतो. तुमच्या सासऱ्याच्या वावरात हे बी काऊन नाही?"

"आमच्याकडेही हेच असेल."

तानाबाईनं तिच्याकडे असं पाहिलं, जसं वर्गात मठ्ठ मुलाकडे पाहायची पुष्पांजलीला सवय होती.

"चारी बाजूनं साधी पऱ्हाटी लावेल हाय तुमच्या वावरात. मंधात दुसऱ्या कंपनीचं बी. सारं गाव पाह्यते त्या रस्त्यानं येताजाता. तुमी नाही पाह्यलं?"

ती गेली. पुष्पांजली पदर तसाच धरून स्वयंपाकघरात गेली. रुखमाबाई गहू निवडत होत्या.

"आई, आपल्या वावरात कोणतं बी लावलंय?"

"दरसालचंच."

"दुकानात नवीन आलं होतं ते?"

"मामंजीनं मांगतलं होतं तुह्या," सूप हलवत त्या म्हणाल्या. "तं गोकुळ म्हने, ते आपल्यासाठी नाही, ते गिऱ्हाइकासाठी हाय." मग सुनेच्या पदराकडे लक्ष जाऊन, "हे सडके बोंडं काऊन भरून घेतले माय? ओटीत असं घेत नसतात. टाकून दे."

तिनं टाकून दिली नाहीत. तशीच ती हमरस्त्यावर दुकानात गेली. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. गोकुळ कानात तार घालून जपानी धडा ऐकत होता आणि ओठांनी पुटपुटत होता. तिनं बोंडं गल्ल्यावर ओतली.

त्यानं कानातली तार काढली. बोंडांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि ती आयुष्यभर विसरणार नाही अशी गोष्ट केली: सुटकेचा श्वास सोडला. एखादं ओझं एकट्यानं वाहून थकलेल्या माणसाला दुसरा खांदा सापडावा तसा.

"समजलं तुले," तो म्हणाला. "बरं झालं. मी सांगनारच होतो, तिकडं गेल्यावर."

"काय आहे हे बी?"

"जिनिंगमधली सरकी. रंग चढवला की झालं. जळगाव जामोदच्या अंगाला दोघं-तिघं मिळून पाकिटं भरते. पाकीट मातर हैदराबादहून छापून येते. नुसती थापच नाही ते. एखाद्या साली पिकतेही."

"तुम्हाला मे महिन्यात माहीत होतं."

"मले फेब्रुवारीत मालूम होतं. बुकिंग तवाच झालं होतं."

फेब्रुवारी. हा शब्द तिच्या आत सावकाश खाली गेला आणि तळाला टेकला. फेब्रुवारीत तो मोबाइल घेऊन तिच्यापुढे बसला होता. तू इथं सडून राह्यली, म्हणाला होता.

"म्हणजे जपान," ती म्हणाली.

"जपान तुह्यासाठीच होतं ना," तो घाईनं म्हणाला. "दोन्ही होतं. तुहं बी काम झालं, आपलं बी. हे पाय, बोंडं नोव्हेंबर-डिसेंबरात फुटते. चार-दोन लोकं चिडन. जानेवारीत आपन इथं नाही. मानसाचा राग दोन हंगाम टिकते. तीन वर्सानं येऊ तवा हेच लोकं फेटे बांधतीन. एप्रिल म्हनत होती तू! एप्रिलपर्यंत इथं बसलो असतो तं?"

"आणि मी ते वाचत होते तेव्हा?"

तो हसला. तेच हसू, ज्यावर गाव भाळलं होतं. "तू येवढं भारी वाचतं. मी सांगतलं असतं तं कोनं घेतलं असतं? मले ते पाकीट वाचताबी येत नाही."

तिनं त्या क्षणीही 'तुम्ही' सोडलं नाही. शिव्यांचा तिच्याकडे तुटवडा नव्हता. दोन भाषांतल्या होत्या. पण समोरच्या माणसाला एकेरीत आणायचं म्हणजे त्याला जवळ आणणं, आणि तेवढं अंतर कमी करायची तिची इच्छा संपली होती.

"तुम्ही उद्या सकाळी लोकांना इथे बोलवा," ती म्हणाली, "आणि हे सांगा. नाहीतर मी सांगते."

त्यानं बोलावलं नाही. तिनं बोलावलं. सकाळी दुकानासमोर तीसेक माणसं जमली. भाऊराव पुढे होते, हैदरभाई त्यांच्यामागे; बायका रस्त्यापलीकडे उभ्या. पुष्पांजली ओट्यावर उभी राहून, नोटीस वाचावी तशा कोरड्या आवाजात, सगळं बोलली. बी कुठून आलं, पाकीट कुठे छापलं, कुणाला केव्हापासून माहीत होतं. आपण वाचलं ते खोटं होतं, हेही.

ती थांबल्यावर लोकांनी गोकुळकडे पाहिलं. तो गल्ल्यामागून उठून बाहेर आला. चेहरा पडलेला, हात जोडलेले.

"बापू," तो भाऊरावांना म्हणाला, "माह्या घरात काय चाललं हे तुमच्यापुढं काढा लागन असं वाटलं नव्हतं. हिले एकटीले जाचं हाय जपानले. आता मी जड झालो तिले. जाऊ द्या. पन मले एक सांगा. मी कधी इंग्रजी वाचलं? मले व्यापाऱ्यानं पाकीट देल्लं, मी ठेवलं. त्याच्यावर काय लिवलं हे गावाले कोनं सांगतलं?"

भाऊरावांनी ओट्याकडे पाहिलं.

"कोनं सांगतलं?" त्यानं पुन्हा, हळुवार विचारलं.

"मॅडमनं," मागून कुणीतरी म्हणालं.

"येवढी डाक्टर बाई," दुसरा म्हणाला, "तिले समजलं नाही काय?"

तिचा कबुलीजबाब तिच्याच तोंडून घेऊन, तिलाच तो वाचून दाखवण्यात आला होता. तीसही डोकी एकाच दिशेला वळली. हैदरभाई तेवढे म्हणाले, "अरे पन गोकुळ, तुह्या वावरात दुसरं बी कसं?" गोकुळ म्हणाला, "ते बाबाचं हाय, बाबा जुनंच लावते," आणि हैदरभाई मागे सरले. रस्त्यापलीकडून एक बाई मोठ्यानं म्हणाली, "नवऱ्याले टाकून चालली, अन् जाताजाता त्याच्या तोंडाले काळं फासून राह्यली."

लोक पांगले. काही जण गोकुळच्या खांद्यावर हात ठेवून गेले.

पुष्पांजली घरी आली आणि विचार करू लागली. शिकलेल्या माणसाचा तो एक वाईट नाद असतो. एकटीनं जपानला जाणं शक्य होतं. तिकीट तिचं होतं, नोकरी तिची होती. ती गेली तर गोकुळ इथे राहील. पण तो आता इथे सुखानं राहील, बायकोनं टाकलेला बिचारा म्हणून, आणि पुढच्या मे महिन्यात त्याला वाचणारा दुसरा कुणी सापडेल. ती त्याला घेऊन गेली तर त्यानं ठरवलं होतं तसंच सगळं होईल. तिसरी वाट होती. तिनं ती निवडली. ती सदसद्विवेकानं निवडली असं पुढे एका वर्तमानपत्रानं छापलं, ते खरं नव्हतं. तिला त्या माणसाला बांधून टाकायचं होतं, आणि त्याला बांधता येईल असा एकच दोर होता. त्याचं दुसरं टोक तिच्याच गळ्यात पडणार होतं.

दुसऱ्या दिवशी ती बसनं नांदुऱ्याला, तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कार्यालयात गेली. बसमधून तिनं दोन्ही बाजूंची वावरं पाहिली.

कार्यालयाबाहेर गावातले काही जण आधीच होते. बोंडअळीच्या तक्रारी घेतल्या जात होत्या. त्यांच्या मात्र घेतल्या जात नव्हत्या, कारण गोकुळनं कुणालाही बिल दिलं नव्हतं. बिलाशिवाय बी विकल्याचा पुरावा नाही आणि पुराव्याशिवाय तक्रार नाही, असं आतला तरुण अधिकारी सकाळपासून सांगून थकला होता.

"मी पुरावा आहे," पुष्पांजली म्हणाली. "ते बी विकलं गेलं तेव्हा मी तिथे होते. माझ्या वाचण्यावर विकलं गेलं."

त्यानं पेन खाली ठेवलं. "मॅडम, तुम्हीच ना त्या, जपानला जाणाऱ्या? बसा. हे नोंदवलं तर फक्त तुमच्या मिस्टरांवर जाणार नाही. विक्रीत मदत केली म्हणून तुमचंही नाव येईल. चौकशी होईपर्यंत पोलिसांचा दाखला मिळणार नाही. व्हिसाचं काय करणार?"

"काही करणार नाही."

"घरी विचारलंत का?"

"घरातल्यांना विचारून झालंय. लिहा."

त्यानं लिहिलं. ती सांगत गेली: महिना, पाकिटाचा रंग, मजकूर. मजकूर तिला तोंडपाठ होता. गोकुळचं पूर्ण नाव सांगताना तिचा आवाज जराही हलला नाही. स्वतःचं सांगताना किंचित हलला. सही करताना तिला तोत्तोरीची शाळा दिसली. कंपनीनं पाठवलेल्या छायाचित्रात मुलं बूट काढून रांगेत लावत होती. तिनं सही केली.

अधिकाऱ्यानं बाहेर डोकावून हाक मारली, "वडनेरवाले या आत. या बाईंनी जबाब दिला. आता तुमच्या तक्रारी घेतो."

माणसं उठली. भाऊराव तिच्याजवळून जाताना थांबले. तिला वाटलं, ते काही बोलतील. ते बोलले.

"घरचं भांडन सरकारात आनलं तुमी," ते म्हणाले. "गोकुळ कसाही असू द्या, गरीब हाय बिचारा." आणि आपली तक्रार नोंदवायला आत गेले.

व्हरांड्यातल्या बाकावर भाऊरावांची पिशवी ठेवलेली होती आणि पिशवीच्या शेजारी एका माणसापुरती जागा होती. आपल्या पाळीची वाट पाहत बाकावर बसलेल्या, गावातल्याच वामनरावांनी ती पिशवी थोडी आणखी पसरून ठेवली. पुष्पांजली उभी राहिली. मोबाइल वाजत होता. पडद्यावर गोकुळचं नाव होतं. तिनं तो वाजू दिला. तिला आता कुठेही वेळेवर पोहोचायचं नव्हतं.